गॅलेना हातात आलं तर: ओळखायचं कसं, मोजायचं कसं आणि जपायचं कसं

गॅलेना म्हणजे शिशाचं सगळ्यात नेहमी सापडणारं खनिज. माणसाने आजवर जमिनीतून काढलेल्या शिशापैकी बहुतेक ह्याच्यातूनच निघालंय, चांदीचाही मोठा वाटा ह्याच्याच पोटातून आलाय, आणि तरी पहिल्यांदा कुणाच्या हातात ह्याचा तुकडा पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ही चांदी आहे का? कारण सगळे आधी चमक बघतात. माझं सांगणं एवढंच की चमक सगळ्यात शेवटी बघा. करडी, धातूसारखी चमकणारी खनिजं कितीतरी आहेत, पण हातात घेतल्यावर इतकं जड लागणारं आणि काटकोनातच पायऱ्या पायऱ्यांनी फुटणारं नेहमीच्या खनिजांत हे एकच. वजन आणि पायऱ्या ह्या दोन गोष्टी नीट तपासल्या तर हातोडा लागत नाही, अ‍ॅसिड लागत नाही, आच तर अजिबातच लागत नाही, आणि ते फार बरं आहे कारण एक तर गॅलेना लगेच फुटतं आणि दुसरं म्हणजे त्यात वजनाने ८६.६ टक्के शिसं असतं, उरलेलं १३.४ टक्के गंधक.

आधी उचला

डोळे मिटून उचललंत तरी चालेल. काड्यापेटीएवढा शुद्ध गॅलेनाचा तुकडा पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, तेवढाच क्वार्ट्झचा तुकडा साठएक ग्रॅमचा असतो, म्हणजे हाताला फरक लगेच कळतो, हात खाली जातो. गॅलेनाचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड तो आकडा, ७.४ ते ७.६, क्वार्ट्झचं २.६५, कॅल्साइटचं २.७, पायराइटचं ५ च्या आसपास, आणि लोखंडाचं ७.८७, म्हणजे हा दगड जवळजवळ लोखंडाइतका जड आहे.

पण 'जड लागतंय' एवढ्यावर थांबू नका, मोजा, दहा मिनिटांचं काम आहे. ग्रॅमचा दशांश दाखवणारा डिजिटल काटा घ्या, एक जुना ग्लास घ्या जो परत पिण्यासाठी वापरायचा नाही, आणि साधा शिवणाचा दोरा. आधी कोरडा तुकडा काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. मग ग्लासात पाणी भरून तो काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आता तुकडा दोऱ्याला बांधून हाताने पाण्यात सोडा, पूर्ण बुडला पाहिजे पण तळाला किंवा काचेला टेकता कामा नये, आणि हात स्थिर ठेवून काट्यावरचा आकडा वाचा. हा आकडा म्हणजे तुकड्याने जेवढं पाणी सरकवलं तेवढ्या पाण्याचं वजन, आणि पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक घन सेंटिमीटर, म्हणजे हेच तुमच्या तुकड्याचं आकारमान झालं. कोरड्या वजनाला ह्या आकड्याने भागा. समजा कोरडं वजन १५२ ग्रॅम आलं आणि पाण्यात सोडल्यावर काट्याने २०.६ दाखवलं तर उत्तर ७.३८, आणि मग शंका जवळजवळ संपली.

दोन गोष्टींनी आकडा चुकतो. तुकड्याच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात, ते मऊ ब्रशने पाण्यातच सोडवा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला तर अजून बरं. आणि दोरा जाड असेल तर तोही थोडं पाणी सरकवतो, म्हणून बारीक दोरा.

तुकडा शुद्ध नसेल, गॅलेनाच्या जोडीला पांढरं कॅल्साइट चिकटलेलं असेल, तरी हीच पद्धत उपयोगी पडते आणि मला तर हा भाग जास्त आवडतो. समजा तुकडा २१० ग्रॅमचा आहे आणि पाण्यात काटा ४६ दाखवतोय. सरासरी घनता ४.५७ आली, म्हणजे गॅलेनाची नाही, पण नुसत्या कॅल्साइटचीही नाही. आता गॅलेना ७.५ आणि कॅल्साइट २.७ धरा. सगळे ४६ घन सेंटिमीटर कॅल्साइट असते तर वजन १२४ ग्रॅम भरलं असतं, प्रत्यक्षात ८६ ग्रॅम जास्त आहे, आणि कॅल्साइटच्या जागी गॅलेना आलं की दर घन सेंटिमीटरला ४.८ ग्रॅम वाढतात, म्हणून ८६ भागिले ४.८ म्हणजे अंदाजे १८ घन सेंटिमीटर गॅलेना. त्याचं वजन १३४ ग्रॅम, आणि त्यात शिसं ११६ ग्रॅम. म्हणजे दगड न फोडता, काही न जाळता तुम्ही सांगू शकता की ह्या तुकड्याचं निम्म्याहून जास्त वजन शिशाचंच आहे. फक्त दोनच खनिजं असली पाहिजेत, पायराइट किंवा बॅराइट मधे आलं की हे गणित फसतं, बॅराइट तर स्वतःच ४.५ चं आहे.

मग पायऱ्या बघा

टॉर्च तिरका धरा आणि तुटलेली बाजू हळूहळू फिरवा. गॅलेनाचे अणू मिठाच्या अणूंसारखेच रचलेले असतात, सोडियमच्या जागी शिसं आणि क्लोरीनच्या जागी गंधक, त्यामुळे ते एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन दिशांनी अगदी स्वच्छ फुटतं. खनिजशास्त्रात ह्याला पाटन म्हणतात. तुटलेल्या भागावर लहान लहान चौकोनी पायऱ्या दिसतात, एक पायरी चमकली की तिच्या समांतर असलेल्या सगळ्या पायऱ्या एकदम चमकतात, तुकडा जरा फिरवला की त्या सगळ्या एकदम विझतात आणि दुसरा संच उजळतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की विसरता येत नाही. दहा पटीची भिंगकाच असेल तर कोपरेही बघा, ते नव्वद अंशाचेच असतात, कितीही बारीक चुरा झाला तरी प्रत्येक कण पुन्हा चौकोनीच.

स्फटिकाचा बाहेरचा आकार मात्र दर वेळी घन असेलच असं नाही. कधी अष्टफलक असतो, कधी कोपरे कापलेला घन, आणि हे दोन्ही आकार एकाच स्फटिकात मिसळलेले तर खूपदा दिसतात. पण बाहेरून अष्टफलक असला तरी फुटताना तो घनाच्या दिशांनीच फुटतो. (बिस्मथ असलेल्या काही गॅलेनात अष्टफलकाच्या दिशेनेही फूट दिसते, पण तो अपवाद.) आणि एक प्रकार इतका बारीक दाणेदार असतो की पायऱ्या दिसतच नाहीत, तुटलेलं पोलाद दिसावं तसा दिसतो, तिथे वजनावरच विसंबायचं.

आता माझी चूक सांगतो म्हणजे तुमची टळेल. सुरुवातीला माझ्याकडे एक घन होता, अंगठ्याच्या पेराएवढा, तीन कडा पूर्ण शाबूत. त्याच्या बुडाला चुनखडकाचा जाड थर होता आणि तो काढून टाकावा असं मला वाटलं, म्हणून छिन्नी लावून अगदी हलका ठोका दिला. चुनखडक जागचा हलला नाही आणि घन मधोमध दुभंगला, पुढच्या ठोक्याची वाटही न बघता दोन्ही अर्ध्यांमधून पातळ कपच्या सुटल्या. ज्या दिशेने खनिजाला फुटायला आवडतं त्याच दिशेने मी ठोका दिला होता. तेव्हापासून मी गॅलेनाच्या बाबतीत छिन्नीला हात लावत नाही, खालचा खडक तसाच राहू देतो, आणि खरं तर तो राहिलेलाच बरा कारण तुकडा कुठल्या प्रकारच्या साठ्यातून आलाय हे तोच सांगतो.

कस, कठिनता आणि सारखी दिसणारी मंडळी

कस म्हणजे खनिजाच्या पुडीचा रंग. बिनचकाकीच्या पांढऱ्या टाइलवर, म्हणजे टाइलच्या मागच्या बाजूवर, तुकड्याचा नको असलेला कोपरा एकदाच हलक्या हाताने ओढा. गॅलेनाचा कस शिशासारखा करडा. रेघ ओली करून कागदाने पुसा आणि कागद टाकून द्या, फुंकर मारू नका, ती शिशाची पूड आहे. कठिनता साधारण २.५, म्हणजे नखाने जेमतेम ओरखडा पडेल न पडेल, तांब्याच्या तुकड्याने सहज पडतो. चांगल्या पृष्ठभागावर हा प्रयोग करू नका, ओरखडा जात नाही.

ज्यांच्याशी गल्लत होते त्यात पहिला नंबर काळपट स्फॅलराइटचा, म्हणजे जस्ताच्या खनिजाचा, कारण तो गॅलेनाला अगदी चिकटूनच सापडतो. पण त्याची घनता ४ च्या आसपास, चमक धातूपेक्षा राळेसारखी, आणि कस फिकट पिवळा ते तपकिरी, करडा कधीच नाही. स्टिबनाइट, म्हणजे अँटिमनीचं सल्फाइड, रंगाने हुबेहूब जुळतं पण त्याचे स्फटिक लांब पात्यांसारखे असतात, त्यावर उभ्या रेघा असतात आणि ते एकाच दिशेने सपाट फुटतं, घनता ४.६. मॉलिब्डेनाइट आणि ग्रॅफाइट दोन्ही हाताला तेलकट लागतात, त्यांचे पातळ पापुद्रे वाकतात, आणि ग्रॅफाइट तर २.२ चं, उचलल्याबरोबर कळतं. चमकदार हेमाटाइट फसवतं पण टाइलवर त्याची रेघ लालसर तपकिरी येते, तिथेच निकाल लागतो. मॅग्नेटाइटला चुंबक चिकटतं, गॅलेनाला चिकटत नाही. पायराइटचेही घन असतात पण ते पितळी पिवळे, चाकूने ओरखडा न पडणारे. आणि खरी चांदी? ती वाकते, फुटत नाही, पायऱ्या नसतात, आणि १०.५ घनतेची असते.

फसायला कुणीही फसतं. १८८३ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या ओसाड भागात कुंपणांची देखरेख करणाऱ्या चार्ल्स रॅस्पने एका काळ्या टेकडीवरचे जड दगड उचलले तेव्हा त्याला वाटलं कथिल सापडलं. तपासणीत शिसं आणि चांदी निघाली. तीच पुढे ब्रोकन हिलची खाण झाली, जगातल्या सगळ्यात मोठ्या शिसं-जस्त-चांदीच्या साठ्यांपैकी एक. त्याची चूक समजण्यासारखी आहे कारण जमिनीवर त्याला ताजं गॅलेना दिसलंच नव्हतं. उघड्यावर पाऊस आणि हवेने गॅलेनाचं रूप बदलतं, आधी अँग्लेसाइट म्हणजे शिशाचं सल्फेट होतं, मग बहुतेकदा सेरुसाइट म्हणजे कार्बोनेट, आणि वर लोखंड-मॅंगनीजच्या गंजाची टोपी बसते. म्हणून जमिनीवर फिरताना फक्त चमकणारं करडं शोधू नका, तपकिरी गंजलेला पण वाजवीपेक्षा जड दगड दिसला तर त्याची ताजी फूट बघा, बऱ्याचदा पांढरट सालीच्या आत गॅलेनाचा गाभा शिल्लक असतो.

कुठे सापडतं ते कसं वाचायचं

गॅलेना बहुतेक करून गरम खारट पाण्यातून तयार होतं. खोल खडकांतून झिरपताना हे पाणी धातू विरघळवून घेतं आणि जिथे त्याला गंधक भेटतं, तापमान उतरतं किंवा चुनखडकाशी त्याची रासायनिक क्रिया होते तिथे ते ओझं सोडून देतं. हे कुठे घडलं त्यावरून तुकड्याचं रूप ठरतं.

चुनखडक किंवा डोलोमाइटच्या पोकळ्यांत, ७५ ते २०० अंश सेल्सिअसच्या पाण्यातून बनलेलं गॅलेना म्हणजे मिसिसिपी खोऱ्याच्या प्रकारचं. मोठे, सुबक, मोकळ्या जागेत वाढलेले घन इथूनच येतात, सोबत गुलाबी डोलोमाइट, स्फॅलराइट, कॅल्साइट. अमेरिकेत मिसुरी, कॅन्सस आणि ओक्लाहोमा ही राज्यं जिथे मिळतात तो भाग ह्यासाठी प्रसिद्ध होता, मिसुरीने तर १९६७ मध्ये गॅलेनाला राज्याचं खनिज ठरवलं. दुसरा प्रकार म्हणजे खडकातल्या भेगांत भरलेल्या शिरा, क्वार्ट्झ, फ्लुओराइट, बॅराइटच्या सोबतीने, जर्मनीतलं फ्रायबर्ग आणि हार्त्स किंवा इंग्लंडमधल्या उत्तर पेनाइन्सच्या टेकड्या घ्या. तिसरा प्रकार समुद्रतळावरच्या गाळासोबत थरांत साचलेला, पुढे बऱ्याचदा दाब आणि उष्णतेने पिळलेला, तिथे सुंदर स्फटिक क्वचितच मिळतात, बारीक दाण्यांचे पट्टे मिळतात पण साठे प्रचंड असतात. ब्रोकन हिल, माउंट आयझा आणि भारतात राजस्थानातलं रामपुरा आगुचा ह्याच घरचे. रामपुरा आगुचात जस्ताचं प्रमाण शिशापेक्षा बरंच जास्त आहे.

म्हणून तुकडा हातात आला की शेजारी काय आहे ते लिहून ठेवा. जांभळं फ्लुओराइट दिसलं तर शिरेचा विचार करा, गुलाबी डोलोमाइट दिसलं तर पोकळीचा.

आतलं शिसं आणि चांदी बाहेर कशी येते

हे घरी करायचं नाही, एवढं आधीच सांगून पुढे लिहितो. गॅलेना तापवलं की गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन उडतो आणि सोबत शिशाची वाफ आणि धूळ निघते, छोट्या प्रमाणावर परसात केलं तरी घरातली लहान मुलं त्याची किंमत मोजतात. २०१० मध्ये नायजेरियाच्या झम्फारा भागात शिसं मिसळलेलं सोन्याचं धातुक, म्हणजे सोनं असलेला दगड, लोकांनी घराजवळच दळलं, त्या धुळीने शेकडो मुलं दगावली. तिथे तर कुणाला शिसं हवंही नव्हतं.

कारखान्यात आधी धातुक दळून पिठासारखं करतात. मग येतो फेन तरंगणीचा टप्पा, ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रोकन हिललाच मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. पाण्यात झँथेट नावाचं रसायन थोडंसं घालतात, ते गॅलेनाच्या कणांना चिकटतं आणि कण पाण्याला नकोसे होतात, खालून हवा सोडली की बुडबुड्यांना चिकटून वर येतात. पाण्याच्या साडेसात पट जड खनिज फेसावर तरंगताना दिसतं आणि हलका क्वार्ट्झ खाली राहतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही. जस्ताचं खनिज ह्या वेळी झिंक सल्फेट वगैरे घालून दाबून ठेवतात, गॅलेना काढून झालं की मोरचूद घालून त्याला जागं करतात आणि तेही तसंच वर आणतात. मग भाजणं, म्हणजे सल्फाइडचं ऑक्साइड करणं, आणि शेवटी कोकसोबत भट्टीत घालून शिसं वितळवून घेणं.

चांदी गॅलेनाच्या अणूंच्या जाळीत थोडी आणि चांदीच्या बारीक खनिजांच्या ठिपक्यांच्या रूपात जास्त असते. ०.१ टक्का म्हणजे टनाला एक किलो, आणि तेवढ्यावरही जुन्या खाणी चालायच्या. जुनी पद्धत अशी की शिसं हाडांच्या राखेच्या खापरात तापवायचं, वर हवेचा झोत मारायचा, शिशाचं ऑक्साइड होऊन ते राखेत मुरतं आणि मागे चांदीचा चकचकीत थेंब उरतो. अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या खाणींची चांदी अशीच निघाली आणि त्या पैशातून अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीझने इ.स.पू. ४८० च्या दशकात आरमार बांधून घेतलं. रोमन काळातल्या भट्ट्यांचा धूर तर ग्रीनलंडच्या बर्फात शिशाच्या रूपाने अजून मोजता येतो.

आजचं ८० टक्क्यांहून जास्त शिसं बॅटऱ्यांत जातं, गास्तों प्लांतेने १८५९ मध्ये बनवलेल्या शिसं-आम्ल बॅटरीचीच वंशज. बाकी एक्स-रेच्या खोल्यांचे पडदे, बंदुकीच्या गोळ्या, समुद्राखालच्या केबलचं वेष्टन. पाण्याचे नळ, रंग आणि पेट्रोल हे उपयोग मात्र बऱ्याच देशांत बंद करावे लागले, शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. आणि बॅटरीतलं शिसं पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतं, त्यामुळे आता जगात खाणीतून निघणाऱ्या शिशापेक्षा जुन्यातून परत मिळवलेलं शिसं जास्त भरतं.

बॅटरीशिवाय चालणारा रेडिओ

गॅलेनाचा सगळ्यात सुंदर उपयोग हाच. ते अर्धवाहक आहे, आणि त्याच्या पृष्ठभागावर बारीक तारेचं टोक टेकवलं तर वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने जात नाही. फर्डिनांड ब्राउनला धातूंच्या सल्फाइडांमधला हा एकतर्फी गुण १८७४ मध्ये दिसला, आणि जगदीशचंद्र बोसांनी गॅलेना वापरून केलेल्या डिटेक्टरच्या, म्हणजे रेडिओलहरी ओळखणाऱ्या भागाच्या, पेटंटसाठी अमेरिकेत १९०१ मध्ये अर्ज केला, ते १९०४ मध्ये मिळालं.

करून बघायचं तर पाच सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर अर्ध्या मिलिमीटरच्या इनॅमल तारेचे ८० वेढे चिकटून चिकटून द्या. त्याला समांतर ३६५ पिकोफॅरडचा फिरता कपॅसिटर जोडा, ह्या जोडीत मीडियम वेव्हचा पट्टा बसतो. वेटोळ्याच्या एका टोकाला लांब एरियल, दुसऱ्याला अर्थ. एरियलच्या टोकाकडून गॅलेना, गॅलेनाच्या तारेकडून इअरफोन, आणि इअरफोनचं दुसरं टोक अर्थला. इअरफोन जास्त रोधाचा हवा, २००० ओहमचा जुना किंवा क्रिस्टल इअरपीस (क्रिस्टलचा असेल तर त्याला समांतर ४७ किलोओहमचा रोध लावा), मोबाइलचा चालत नाही.

गॅलेनाचा हरभऱ्याएवढा तुकडा घ्या, ताजी फुटलेली बाजू वर, आणि तिला बोट लावू नका, बोटाच्या तेलाने जागा मरते, चिमट्याने धरा. नेहमीच्या सोल्डरच्या उष्णतेनेही स्फटिक बिघडतो म्हणून पितळी वाटीत स्क्रूने आवळा किंवा भोवती अ‍ॅल्युमिनियम फॉइल घट्ट दाबून बसवा. वर फॉस्फर ब्रॉन्झची बारीक तार किंवा सेफ्टी पिनचं टोक, अगदी हलकं टेकलेलं. आता खरा धीराचा भाग. सगळी जागा काम करत नाही. टोक उचला, अर्धा मिलिमीटर सरकवा, टेकवा, ऐका. पुन्हा. वीस जागा मुक्या निघतील आणि मग अचानक कानात कुणीतरी बोलायला लागेल, बॅटरी नाही, प्लग नाही, फक्त एरियलने पकडलेली ताकद. दाब जरा वाढला तरी आवाज बुडतो, टेबलाला धक्का लागला की जागा हरवते. जवळपास मीडियम वेव्हचं प्रक्षेपण असेल तरच हे होणार, एफएम ह्यावर लागत नाही. आणि ढगांचा गडगडाट असेल तेव्हा बाहेरच्या एरियलला हात लावायचा नाही.

पुढे ह्याच शिशाच्या सल्फाइडचे पातळ थर इन्फ्रारेड ओळखण्यासाठी वापरले गेले, सुमारे ३ मायक्रॉनपर्यंतचे अदृश्य किरण त्याला दिसतात.

धुणं, ठेवणं आणि हात स्वच्छ ठेवणं

अ‍ॅसिडने धुऊ नका, हे ठळक लक्षात ठेवा. कॅल्साइट विरघळवायला लोक हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरतात, पण ते गॅलेनावरही चालतं, सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो जो विषारी आहे, आणि स्फटिकावर शिशाच्या क्लोराइडची पांढरट साय बसते. व्हिनेगरही नको, शिशाच्या कार्बोनेटचे छान स्फटिक वर असतील तर ते विरघळून जातात. अल्ट्रासॉनिक यंत्रात घातलं तर पाटनाच्या दिशेने तडकू शकतं. कोमट पाणी, अगदी मऊ ब्रश, आणि लगेच टिपून कोरडं करणं, बस. काळवंडलेली बाजू घासून चमकवायचा मोह आवरा, तो थर पुन्हा येतोच आणि दर वेळी कडा झिजतात.

डबा प्लॅस्टिकचा, झाकणाचा, कोरडा. ओकसारख्या लाकडाच्या बंद कपाटातून आम्लाच्या वाफा निघतात आणि शिशाच्या वस्तूंवर पांढरी बुरशी आल्यासारखं होतं, म्हणून लाकडी खण नको. सोबत मार्कासाइट म्हणजे लोखंडाचं एक सल्फाइड असेल तर दमट हवेत ते फुगून भुसभुशीत होतं आणि सल्फ्युरिक आम्ल सोडतं, असा तुकडा वेगळा ठेवा.

आता शिशाबद्दल सरळ बोलतो. गॅलेना पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे अख्खा तुकडा हातात घेतल्याने काही होत नाही, घाबरू नका. धोका पुडीचा आहे. पोटातल्या आम्लात शिसं सुटतं आणि रक्तात जातं, लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, आणि अमुक एवढं शिसं सुरक्षित अशी पातळीच जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. म्हणून तुकडा हाताळला की साबणाने हात धुवा, त्या टेबलावर काही खाऊ नका, चुरा झाडूने झाडू नका तर ओल्या कागदाने टिपून घ्या, कोरडं कापणं-घासणं नको, लहान मुलांच्या हाती देऊ नका, बघायला द्यायचं असेल तर बंद पारदर्शक डबीत द्या. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात पिचर नावाचं गाव होतं, शिसं-जस्ताच्या खाणीच्या भुश्श्याचे डोंगर गावातच, मुलं त्यावर खेळायची, मुलांच्या रक्तात शिसं निघालं आणि जमीनही खचायला लागली, शेवटी २००९ मध्ये ते गाव अधिकृतपणे मिटलं.

आणि डोळ्यांत तर कधीच नको. प्राचीन इजिप्तमध्ये गॅलेना दळून काजळ करायचे, तांबड्या समुद्राच्या काठावर गेबेल झैतला त्यासाठी खाणी होत्या, आणि आजही काही सुरम्यांत अँटिमनीच्या नावाखाली गॅलेनाची पूड निघते. डोळा चोळला की बोटावर, बोटावरून तोंडात. सुरमा म्हणून मिळालेली पूड वजनाला फार जड लागली तर बाजूला ठेवा, आणि घरात मुलांना लावलेला असेल तर रक्तातलं शिसं तपासून घ्या, साधी रक्ताची चाचणी असते.

शेवटचं काम चिठ्ठीचं. तुकडा कुठल्या खाणीतला, कुठल्या गावाजवळचा, कधी मिळाला, शेजारी कुठली खनिजं, मोजलेली घनता, एवढं लिहून डबीतच ठेवा. गॅलेनाच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे कारण युरेनियमचं हळूहळू शिसं होत जातं, पण गॅलेनात युरेनियम जवळजवळ नसतं, त्यामुळे शिशाच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या शिशाच्या अणूंचं, प्रमाण स्फटिक बनला त्या दिवशी जसं होतं तसंच गोठून राहतं. आल्फ्रेड नीरने अशा शिशाच्या खनिजांची मोजमापं केली, त्यावरून १९४६ मध्ये आर्थर होम्सने पृथ्वीचं वय ३ अब्ज वर्षांच्या आसपास काढलं, नंतर १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसनने उल्कांवरून ते ४.५५ अब्ज केलं. जुन्या नाण्यांतली चांदी कुठल्या खाणीतली हेही ह्याच प्रमाणावरून जुळवतात, आणि जुळवायला ठिकाण माहीत असलेला तुकडा लागतो. पेन्सिलीने लिहा, शाई ओलाव्याने पसरते.